शिवेवरचा आसूड

आमच्या गावची पालखी आसुडाशिवाय पुढे सरकत नाही. शिमग्यात देवी सहाणेवरून, म्हणजे ज्या दगडी चौथऱ्यावर पालखी बसवतात तिथून, उठते आणि घरोघर जायला निघते. वाटेत शीव लागते. तिथे पालखी थांबते, मानकरी पुढे होतो आणि आसूड वाजवतो. तीन आवाज झाले की पालखी शीव ओलांडते. नाही झाले तर उभी. खांदेकऱ्यांचे खांदे भरून आले तरी उभी.

हा आसूड चामड्याचा नसतो. घायपाताच्या पातीतून पांढरा चिवट धागा निघतो, त्याला वाख म्हणतात. त्या वाखाचे आठ पेड घेऊन आसूड हाताने विणायचा. दर वर्षी नवा, आणि जुना होळीत टाकायचा. वाजवण्याचा मान चुलत घराचा, विणण्याचा आमच्या घराचा. आमच्या घराचा म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, कारण घरात दुसऱ्या कुणाला तो विणता येत नव्हता.

मागच्या पावसाळ्यात सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं. बोलणं शाबूत राहिलं, पायही बऱ्यापैकी सावरला, पण उजवा हात कामातून गेला. दिवाळीला मुंबईकर गावी आले तेव्हा आमच्याच ओसरीवर गावकीची बैठक बसली आणि शिमग्याचा विषय निघाला. मुंबई मंडळातल्या एका उत्साही गृहस्थांनी मोबाइल काढून नायलॉनचा आसूड दाखवला. घरपोच येतो, कुजत नाही, दर वर्षी नवा करायची कटकट नाही. फोटो हातोहात फिरला, आणि माणसं माना डोलवायला लागली. आबा, म्हणजे माझे सासरे, खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, आसूड आमच्या घरातनं जाईल. त्यावर सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. माझ्या नवऱ्याला कपडे वाळत घालायची दोरी धड बांधता येत नाही. त्याने जमिनीकडे बघितलं.

मी चहाचे कप गोळा करत होते. म्हटलं, मी करते.

एक म्हातारे चुलतसासरे म्हणाले, "ब्लाउज नाय तो, सूनबाय."

आम्ही नवराबायको राहतो महाडला, तिथे माझं शिवणकामाचं दुकान आहे. मी म्हटलं, "ब्लाउज बिघडला तर बायका दुकानात येऊन भांडतात, मामा. आसूड बिघडला तर तुम्ही फक्त बैठक घ्याल."

लोक हसले आणि त्या हसण्यात ठरून गेलं. शिवेवर आमचाच आसूड जाईल. पण नायलॉनचा एक मागवून ठेवायचा आणि पिशवीत घालून पालखीबरोबर न्यायचा. आमचा वाजला नाही तर तो बाहेर काढायचा, आणि मग कायम तोच. मला स्वतःला मानापानाचं फारसं काही नाही. एखादी गोष्ट हातांनी करता येते की नाही हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही, एवढंच. आबांचं तसं नव्हतं. हात गेला ते त्यांनी सोसलं. आसूड गेला असता तर ते ओसरीवर येऊन बसले नसते, हे मला माहीत होतं.

वाख काढणं हे गलिच्छ काम आहे. तोपर्यंत मी त्यात मदतीपुरती असायचे, आता सगळं माझ्यावर आलं. दुकान बंद असेल त्या दिवशी पहाटेची एसटी पकडून पोलादपूर, तिथून सहा आसनी रिक्षा, पुढे चढण. बांधावरच्या घायपाताच्या पाती कोयत्याने तोडायच्या. टोकाचा काटा बोटात गेला तर दोन दिवस ठणकतो, आणि रस हाताला लागला की कोपरापर्यंत खाज सुटते. पाती दगडावर ठेचायच्या, ओढ्याच्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवायच्या. गर कुजला की बाहेर काढून फळीवर बोथट विळ्याने खरवडायच्या. त्या दिवशी मी एसटीत बसले तर शेजारच्या बाईने खिडकी उघडली. पण धुऊन, विंचरून, कुंपणावर वाळत घातलेला वाख बघितला आणि मी सगळी खाज विसरले. पांढरा, चकचकीत, हाताला थंड लागणारा, आणि ओढला तर तुटत नाही. कापडाच्या दुकानात नवा गठ्ठा फुटल्यावर मला जसं होतं तसं झालं. कधी एकदा बसते आणि विणते!

त्यातला अर्धाअधिक मी महाडला आणला आणि दुकानात इस्त्रीच्या वरच्या खिळ्याला टांगला. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक आत आलं आणि गंगावन केवढ्याला म्हणून विचारू लागलं. मी म्हटलं, पिकल्या केसांसाठी आहे, तुम्हाला अजून अवकाश आहे. बाई खूश होऊन दोन परकर टाकून गेली.

शिलाई मशीनच्या लोखंडी पायाला आसुडाचं मूळ, म्हणजे मुठीकडचं टोक, बांधायचं आणि विणत मागे मागे सरकत जायचं, अशी मी सुरुवात केली. आठ पेड हाताळणं मला अवघड गेलं नाही. बोटांना सवय असते. पहिला आसूड मी मोठ्या तोऱ्यात गावी नेला. आबांनी डोळे मिटून डाव्या हाताची बोटं त्यावरून मुळापासून टोकापर्यंत फिरवली आणि तो माझ्याकडे परत दिला.

"ही वेणी झाली गो. करवलीला घाल."

मला राग आला, पण बघितल्यावर पटलं. काठ सरळ, रुंदी सगळीकडे सारखी, ही माझी शिवणाची शिस्त मी त्यात घातली होती. आसुडाचं उलट असतं. मुळाशी अंगठ्याएवढा जाड, टोकाला सुतळीहून बारीक, आणि मधे कुठेही पायरी नको. हात मारला की मुळातून लाट निघते आणि बारीक होत जाणाऱ्या अंगातून पळत सुटते. जितकं अंग बारीक तितकी तिला घाई. शेंड्याला पोचली की आवाज. वाटेत कुठे पायरी लागली की लाट तिथेच मरते. म्हणून आख्खा पेड सोडून चालत नाही. मी दुसऱ्या आसुडाला तेच केलं होतं आणि बोटाला लागेल अशी पायरी झाली होती. दर वेढ्याला प्रत्येक पेडातले चारदोन केस, म्हणजे वाखाचे सुटे धागे, काढायचे, आत गाभ्यात दाबायचे, आणि गाभ्यातलेही तेवढेच सोडायचे. गाठ कुठेही मारायची नाही. केस संपला तर नवा पेडातच मिसळायचा. शेवटचा वीतभर भाग नुसता पिळलेला असतो, त्याला आमच्याकडे जीभ म्हणतात.

हे एकदा हाताला कळलं आणि मग मला दुसरं काही सुचेना. गिऱ्हाईक माप देत असताना माझं लक्ष मशीनच्या पायाकडे. नवरा कारखान्यातून शिफ्ट संपवून यायचा तर कुकर लावलेला नाही आणि बायको फरशीवर बसून पाठीमागे सरकतेय. तो बाहेरून वडापाव आणायचा आणि माझ्या बाजूला ठेवायचा, मी एका हाताने खायचे.

चौथा आसूड जमला. आबांनी बोटं फिरवली आणि परत दिला नाही, मांडीवर ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाजव जा."

घराखालचं भाताचं खाचर रिकामं होतं. मी पदर खोचला आणि हात मारला. आसूड माझ्याच पोटरीला गुंडाळला. दुसऱ्यांदा कानावरून गेला, कान तापला. आबा ओसरीवरून ओरडून सांगत होते, पुढं नको, वर, वर घे आणि सोड. मी वर घेतला, खांद्यातून सोडला, आणि माझ्या डोक्यावर आभाळ फुटल्यासारखा आवाज झाला. खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. विहिरीवरच्या बायका उभ्या राहिल्या. समोरच्या डोंगरावरून तोच आवाज परत आला, जणू तिकडेही कुणीतरी बाई आसूड घेऊन उभी होती. मी एकटीच हसत सुटले. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई, खाचरात, चप्पल एकीकडे, आसूड एकीकडे. दंड भरून येईपर्यंत वाजवला. दुसऱ्या दिवशी मला मशीनचं चाक फिरवता येत नव्हतं.

होळी झाली. जुना आसूड होळीत गेला. दुसऱ्या दिवशी पालखी निघायची. सकाळी मी चुलीपाशी पुरणपोळ्या लाटत होते, आणि डोंबिवलीहून आलेली माझी मोठी नणंद देवघरात होती. देवाधर्माचं ती मनापासून करते आणि कामाला वाघ आहे. पोळ्या आटपून मी माजघरात आले आणि आढ्याकडे बघितलं, तर आसूड जागेवर नव्हता.

तो देवापुढे पाटावर होता. वेटोळं करून, हळदकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला. खालचा पाट ओला दिसत होता. नणंदेने त्याला आधी पाण्याने, मग दुधाने, मग परत पाण्याने आंघोळ घातली होती.

मी मूठ धरून उचलला. ओला वाख फुगतो, फुगला की वीण स्वतःला आवळून घेते. आसूड खाली लोंबलाच नाही. वाकड्या फांदीसारखा हवेत उभा राहिला.

"नवी वस्तू, देवीच्या कामाची," नणंद म्हणाली. "पूजा केल्याशिवाय कशी पाठवायची?"

मी म्हटलं, "आबा करायचे का कधी?"

"आबांनी कधी कुणाला हात लावू दिला होता? आढ्याला टांगायचे आणि तिथून थेट मानकऱ्याच्या हातात."

तिचं खरं होतं. आसुडाला पाणी लावू नये हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण आसूड कुणाच्या हातात कधी पडलाच नव्हता. पूजा व्हायची ती पालखी घरी आल्यावर, आणि तीही आबाच उरकायचे. नवी वस्तू घरात आली की हळदकुंकू. आमच्याकडे मिक्सरलासुद्धा लावतात. तिने वेगळं काय केलं होतं? आपण काय करून बसलो ते कळल्यावर तिचे डोळे भरले. सहाणेवर ढोल तापवत होते, त्याचे तुटक ठोके येत होते.

मी आसूड घेऊन अंगणाकडे निघाले तर बाजेवरून आबा गरजले, "उन्हात नको. पिळवटंल."

मग मी त्यांच्या बाजेवर बसले आणि आम्ही दोघांनी त्याच्यावरून हात फिरवला. मूळ भिजलं होतं, मध्य भिजला होता, शेंडा तर दोरखंडासारखा ताठ. मला वाटलं ते मी बोलून दाखवलं. मूळ जडच असतं, ते पाण्याने आणखी जड झालं तर काय बिघडतं? पळायचं असतं शेंड्याला. शेंडा तेवढा सुका मिळाला तर?

आबांनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, "शेंडा नवा घाल. मूळ ऱ्हाऊ दे."

चांगला वाख महाडला दुकानात होता. नवऱ्याने मोटारसायकल काढली. हायवेवर शिमग्याच्या गाड्यांची रांग, आणि महाडात चवदार तळ्याकडे मार्चमधल्या सत्याग्रह दिनाची गर्दी, तिथले रस्ते वाहनांना बंद. त्याने गाडी बाहेरच लावली आणि चालत दुकान गाठलं. तिथून फोन केला, इथे दोन जुड्या आहेत, कुठली आणू? मी म्हटलं, पांढरी. तो म्हणाला, दोन्ही पांढऱ्या आहेत. मी म्हटलं, दोन्ही आण.

तोपर्यंत मी अर्धा आसूड उसवून ठेवला होता. आठ पेड सुटे, दमट, पाटावर पसरलेले. नणंद कोपऱ्यात बसून डोळे पुसत होती. मी तिला म्हटलं, वन्सं, नंतर रडा, आत्ता हात कोरडे करा. तिची बोटं बारीक आहेत. नवऱ्याने जुडी आणून टाकताच तिला केस वेगळे करायला बसवलं, आणि खरंच सांगते, माझ्याहून सफाईने तिने ते केले.

महाडला मला मशीनचा पाय होता. इथे आबांनी मुळाची बाजू दोन्ही पावलांखाली दाबली आणि मधला भाग डाव्या हाताने धरला. सुका केस ओल्या पेडात घालायचा, दोन वेढे दाबायचे, ओला केस गाभ्यात सोडायचा, पुढचा सुका घ्यायचा. असं करत करत सगळा पेड सुका करायचा, आणि त्याच वेळी बारीकही. मी वीण आवळली की ओढ त्यांच्या मुठीत जायची. त्यांना न बघता कळायचं.

"सैल."

मी आवळलं.

"अजून. आता बास, तुटंल."

बाहेर ढोलाचा ठेका बदलला. पालखी उठली होती. नणंद केस पुढे करत होती, आबांचं कपाळ घामाने चमकत होतं, त्यांचा वाकडा उजवा हातही मांडीवर मुठीसारखा वळत होता. माझी बोटं इतक्या वेगाने कधी चालली नव्हती. भीती वाटायला हवी होती, पण मला विलक्षण मजा येत होती. जीभ पिळली, टोकाला केस सोडले, आणि नवऱ्याने गाडीला लाथ मारली.

शिवेवर आम्ही पोचलो तेव्हा पालखी थांबलेली होती. मानकरी म्हणजे नवऱ्याचा धाकटा चुलतभाऊ, मुंबईत टेम्पो चालवतो. मी आसूड त्याच्या हातात दिला. त्याने मूठ तोलली.

"वयनी, ह्यो ओला लागतोय."

"लागू दे, भावोजी. तुम्ही मारा."

त्याने मारला. फक्त सुसकारा आला. ढोल बंद होते, त्यामुळे तो सुसकाराही सगळ्यांनी ऐकला. मंडळाचे गृहस्थ पालखीच्या मागेच होते, त्यांनी पिशवीची चेन उघडली. भावोजींनी परत मारला. तेच. पण मला दिसलं की लाट मध्यापर्यंत चांगली येते आणि मग तिला जोर पुरत नाही. सुक्या, हलक्या आसुडाची सवय असल्यामुळे ते मनगटावर मारत होते. हे मूळ जड होतं.

बायका पालखीच्या बऱ्याच मागे असतात. मी तिथूनच म्हटलं, "भावोजी, मनगटानं नाय. खांद्यानं. वर घ्या आणि सोडा."

कुणीतरी म्हणालं, आता वयनी टेम्पोपण शिकवतील रे तुला. हशा झाला. भावोजी हसले नाहीत. त्यांनी पाय फाकवले, हात पार डोक्यामागे नेला आणि सोडला.

आवाज असा आला की पालखीच्या पुढचा खांदेकरी दचकला आणि देवीचा मुकुट हलला. दुसरा त्याच्याहून मोठा. दुसऱ्यानंतर आसूड खाली आला तेव्हा मला जिभेचे केस झाडूसारखे फुललेले दिसले. घाईत पीळ कमी पडला होता. अजून एकच हवा होता, एकच! मी नणंदेच्या मनगटाला धरलं, तिने माझ्या. ती कधी मागून येऊन उभी राहिली होती मला कळलं नव्हतं. भावोजींनी तिसरा मारला. फाट! आणि जीभ तुटून हवेत उडाली, पांढऱ्या पिसासारखी गिरक्या घेत बांधापलीकडे गेली.

ढोल सुटले. पालखीने शीव ओलांडली. भावोजींना चेव आला होता, त्यांनी गंमत म्हणून आणखी एकदा मारला, तर नुसती फुस्स. पोरं हसली, तेही हसले. गावकीचे अध्यक्ष मंडळाच्या गृहस्थांना म्हणाले, ती पिशवी परत मुंबईला ने. ते बिचारे म्हणाले, परत घेत नाहीत हो ते.

पालखी आमच्या घरी येऊन गेली, ओट्या भरून झाल्या, पोळ्या वाढून झाल्या. आबांनी तिन्ही आवाज बाजेवरूनच ऐकले होते, आणि आधीचे दोन वार रिकामे गेल्याचं त्यांना पालखीबरोबरच्या पोरांनी सांगितलं होतं. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलतील. त्यांनी आसूड मागून घेतला, बोटं मुळापासून निघाली आणि मध्याशी जोडावर थांबली. तिथे ती पुढेमागे फिरत राहिली.

"पयले दोन खाली का गेले?"

मी सांगितलं, भावोजी मनगटाने मारत होते.

"त्यो येक दोष. ह्यो दुसरा." त्यांनी जोडावर नखाने टिचकी मारली. "इथं गाभा जाड ऱ्हायलाय. लाट अडकत व्हती."

मी हात लावला. मला काही लागलं नाही. मी म्हटलं, नाही, गाभा बरोबर आहे, मी मोजून सोडला होता. ते म्हणाले, जाड हाय. नणंदेने मधेच पडून, जाऊ द्या ना आता, वाजला ना, म्हणून बघितलं. आम्ही दोघांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. जाड असेल तर तो ओल्या केसांमुळे की मी चुकीच्या जागी सोडला म्हणून, हे कळायला हवं होतं. पुढच्या वर्षीचा आसूडही आता आमच्याच घरून जायचा होता.

मी दिव्याचं बटण दाबलं आणि बाजेजवळ खाली बसले. आबांनी मूळ पावलांखाली दाबलं. मी जोडाची वीण सोडवायला घेतली.